संगीतकारांच्या स्मृतिशिला आणि समाधिलेख : अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मृत व्यक्तीची आठवण टिकविण्यासाठी दगडाचा आधार घेण्याची प्रथा जगातील बहुतेक प्राचीन संस्कृतींत आढळते. राजे, योद्धे, धर्मोपदेशक आणि धनिक यांची स्मारके सर्वत्र विपुल आहेत. संगीतकारांची स्मारके त्या मानाने थोडी आहेत आणि त्यांचा विचारही कमीच झाला आहे. दगड शतकानुशतके टिकतो. नाद उमटताक्षणीच विरतो. क्षणजीवी नादाच्या उपासकाचे स्मरण टिकाऊ दगडात कसे साठवावे, हा प्रश्न वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळ्या रीतीने सोडविला.

प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या सलग परिसराला केंद्रस्थानी ठेवून केला आहे. अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिर आणि फाळणीनंतर वसलेले विसाव्या शतकातील नगर या परिसरात एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे दगडात कोरलेली स्मृती आणि माणसांनी आपल्याबरोबर वाहून आणलेली स्मृती या दोहोंची तुलना येथे सहज शक्य होते. कोणाचे नाव कोरले गेले, कोणाची केवळ आकृती कोरली गेली आणि कोणाच्या वाट्याला दोन्हीही आले नाही, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

संज्ञांचा विचार

समाधी, थडगे, वीरगळ आणि स्मृतिशिला हे शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि त्यांत भेद करणे आवश्यक आहे. जेथे दफनाची प्रथा आहे तेथे स्मारक प्रत्यक्ष अवशेषांवर उभे राहते. ग्रीक, रोमन व इजिप्शियन संस्कृतींतील समाधिलेख बहुतांशी या प्रकारचे आहेत. जेथे दहनाची प्रथा आहे तेथे अवशेष नदीत विसर्जित होतात आणि स्मारक हे मृत्यूच्या घटनेचे किंवा पुण्याईचे चिन्ह बनते. महाराष्ट्रातील वीरगळ व सतीशिळा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. संन्यासी, संत व बौद्ध भिक्षू यांच्या बाबतीत मात्र आपल्याकडेही समाधी किंवा स्तूप उभारण्याची रीत होती. म्हणून भारतात संगीतकाराचे प्राचीन समाधिलेख का आढळत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग अंत्यविधीच्या प्रथेत आहे. मात्र हा एक भाग झाला, संपूर्ण उत्तर नव्हे.

प्राचीन जगातील संगीतकारांची स्मारके

संगीत आणि समाधी यांच्या संबंधाचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सेकिलोसचा समाधिस्तंभ. आशिया मायनरमधील त्राल्लेस या प्राचीन नगराजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील आयदिन येथे, तो रेल्वेच्या बांधकामाच्या काळात उजेडात आला. विल्यम रॅम्से यांनी १८८३ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध केला. इसवी सनाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातील या संगमरवरी स्तंभावर एक लहानसे गीत कोरलेले असून त्याच्या शब्दांवर स्वरांची व कालमापनाची चिन्हे आहेत. आयुष्य अल्प आहे, तोवर आनंदात राहावे, असा त्या गीताचा आशय आहे. स्वरलिपीसह पूर्णपणे उपलब्ध असलेली ही जगातील सर्वांत जुनी संगीतरचना मानली जाते. सेकिलोसने प्रिय व्यक्तीचे स्मरण म्हणून नादच दगडात बांधला. या स्तंभाचा पुढील इतिहास मात्र बोधप्रद आहे. तो खाजगी मालकीत असताना फुलझाडाची कुंडी ठेवता यावी म्हणून त्याचा तळ कापून सपाट करण्यात आला आणि लेखाच्या अखेरच्या ओळीची हानी झाली. आज तो कोपनहेगन येथील डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसरे उदाहरण रोमन साम्राज्याच्या सीमेवरील आक्विंकुम येथील, म्हणजे आजच्या बुडापेस्टमधील आहे. येथील एका दगडी शवपेटीवर एलिया साबिना या स्त्रीचा लेख आहे. तिचा पती रोमन सैन्यदलात जलशक्तीवर चालणारे ऑर्गन वाजवीत असे. पत्नी तंतुवाद्यात निपुण होती आणि ऑर्गनवादनात तर ती एकटीच पतीहूनही सरस होती, असे तोच पती लेखात नमूद करतो. व्यावसायिक वादकाने पत्नीच्या श्रेष्ठत्वाची अशी जाहीर कबुली देणे ही असामान्य गोष्ट आहे. याच नगराच्या अवशेषांत १९३१ मध्ये इ.स. २२८ मधील एका ऑर्गनचे भाग सापडले. त्यामुळे लेखातील वाद्याला वस्तुरूप पुरावाही मिळाला.

इजिप्तमध्ये ही परंपरा आणखी जुनी आहे. देवतेपुढे वीणासदृश वाद्य वाजविणाऱ्या वादकाचे चित्र असलेला जेदखोन्सुइउफआंख याचा रंगीत लाकडी फलक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. राजांच्या खोऱ्यात २०१२ मध्ये बाझेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उघडलेल्या शवागारात आमून देवाची गायिका नेहमेस-बास्तेत हिची शवपेटी व तिच्या नावाचा लाकडी फलक मिळाला. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. संगीत हे त्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले होते आणि म्हणून ते नावासोबत कोरले गेले.

भारतीय शिलालेखांतील संगीतकार

भारतात संगीतकारांची नावे दगडावर कधीच आली नाहीत, असा समज चुकीचा ठरेल. ती आली, पण बहुधा मृत्यूच्या निमित्ताने नव्हे, तर सेवा, वेतन आणि दान यांच्या निमित्ताने. पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराच्या आठव्या शतकातील लेखात, राजा विजयादित्याने गायकांना दिलेले हक्क राणी लोकमहादेवीने पुढे कायम केल्याचा उल्लेख आहे. तमिळनाडूतील कुडुमियानमलै येथे खडकावर सात रागांच्या स्वररचना कोरलेल्या आहेत. तेथे स्वर टिकले आहेत, परंतु ते गाणाऱ्यांची नावे नाहीत.

याबाबतचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. राजराज चोळाच्या अकराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात मंदिरसेवेतील चारशे नर्तकींची नावे, त्यांची मूळ मंदिरे, त्यांना दिलेल्या घरांचे अनुक्रम आणि धान्याच्या रूपातील वेतन यांची नोंद आहे. गायक-वादकांचाही त्यात समावेश आहे. एखादी व्यक्ती मरण पावल्यास तिच्या जवळच्या नातलगाने वेतन घेऊन ते काम करावे. तो पात्र नसल्यास त्याने दुसऱ्या पात्र व्यक्तीची निवड करावी, अशी तरतूदही लेखात आहे. येथे कलावंताचा मृत्यू शोकाच्या दृष्टीने नोंदविलेला नाही; सेवेत खंड पडू नये या दृष्टीने त्याचा विचार झाला आहे. व्यक्ती जाते, परंतु तिचे वाद्य थांबता कामा नये, ही त्यामागील भूमिका होय. भारतीय परंपरेत संगीतकाराचे स्मारक शिळेऐवजी वारसाच्या रूपाने का उभे राहिले, याचे उत्तर या तरतुदीत मिळते.

भाजे : नावाचा मृत आणि निनावी वादक

बदलापूरहून लोहमार्गाने कर्जत ओलांडून बोरघाट चढला की मळवलीजवळ भाजे येथील लेणी लागतात. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या समूहात चौदा स्तूपांचा एक गट आहे. येथे राहिलेल्या स्थविरांच्या स्मरणार्थ हे स्तूप कोरले गेले असून अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावे त्यांवर वाचता येतात. कल्याण बंदराशी निकटचा संबंध असलेल्या कान्हेरी येथेही भिक्षूंच्या स्मारकस्तूपांची स्वतंत्र वीथी होती आणि तेथेही मृतांच्या नावांचे लेख मिळाले आहेत. पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कोकण या भागांत समाधिलेखाची कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी पूर्णपणे परिचित होती, हे यावरून सिद्ध होते.

भाज्याच्याच एका विहाराच्या ओवरीत वृक्षाखाली बसलेल्या राजपुरुषापुढे नृत्य करणारी स्त्री आणि धनुष्याकृती वीणा वाजविणारी व्यक्ती कोरलेली आहे. भारतीय वाद्यांच्या इतिहासात या शिल्पाला मोठे स्थान आहे. एकाच डोंगरात स्थविरांची नावे आहेत आणि वादकांची केवळ रूपे आहेत. म्हणजेच अक्षरज्ञान, दगड आणि स्मरणाची प्रथा या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतानाही वादकाचे नाव कोरले गेले नाही. त्याचे कारण साधनांच्या अभावात नसून सामाजिक स्थानात शोधावे लागते.

अंबरनाथचे शिवमंदिर

वालधुनी नदीच्या काठावरील अंबरनाथचे भूमिज शैलीतील मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार राजवटीची सर्वांत मोठी वास्तुकृती होय. मंदिराच्या उत्तरेकडील प्रवेशाच्या तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शकवर्ष ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवून दिले. त्यानुसार लेखाचा काळ इ.स. १०६० ठरतो. झिजलेल्या एका अंकामुळे काळाचा निर्णय दोनशे वर्षांनी बदलतो, ही गोष्ट शिलालेखांच्या जपणुकीचे महत्त्व पटविण्यास पुरेशी आहे. लेखात महामंडलेश्वर माम्वाणि म्हणजेच मुम्मुणि या राजाचा व त्याच्या अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो.

मंदिराच्या बाह्यांगावर देवदेवता, सुरसुंदरी आणि नृत्यमुद्रेतील स्त्रीमूर्ती दाटीने कोरल्या आहेत. अशा मंदिरात नित्यपूजेच्या वेळी वाद्यसेवा असणे हा त्या काळचा सर्वमान्य प्रघात होता. महाराष्ट्रात शिवमंदिरातील पूजा व वाद्यवादन ही कामे परंपरेने गुरव समाजाकडे राहिली आणि पखवाजवादनाची मोठी परंपरा या समाजाने सांभाळली. कोकणात घडशी समाजाने, तर देशावर होलार आदी समाजांनी सनई, सूर, संबळ, डफ यांसारखी वाद्ये वाजविण्याचे काम केले. बारशापासून अंत्ययात्रेपर्यंत प्रत्येक प्रसंगी यांचे वाद्य आवश्यक होते. दुसऱ्याच्या मृत्यूला नादाचा मान देणाऱ्या या वादकांच्या स्वतःच्या मृत्यूची नोंद दगडावर झाली नाही. अंबरनाथच्या तुळईवर राजा व अधिकारी आहेत. भिंतीवर नृत्य आहे. परंतु रोज सायंकाळी गाभाऱ्यासमोर ज्याचे वाद्य घुमत असे, तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हरवला आहे.

वीरगळ : मृत्यूनंतरचे संगीत

ठाणे जिल्ह्यात गावाच्या वेशीवर, मंदिराच्या आवारात किंवा तळ्याच्या काठी वीरगळ आढळतात. वीरगळावरील शिल्पे खालून वर अशा क्रमाने वाचावयाची असतात. सर्वांत खालच्या थरात युद्ध, गोग्रहण किंवा वीराचा मृत्यू असतो. त्यावरील थरात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेताना दिसतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर कलश व चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकावी, असा त्या चिन्हांचा अर्थ आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील सहा वीरगळ यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध असून त्यांवरील नौकायुद्धाच्या दृश्यांचा संबंध अनेक अभ्यासक यादव महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्यातील इ.स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडतात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वीरगळाचे मधले व वरचे थर महत्त्वाचे आहेत. अनेक वीरगळांवर स्वर्गारोहणाच्या वा लिंगपूजेच्या दृश्यात चवरीधारिणींबरोबर वाद्ये वाजविणाऱ्या आकृती दिसतात. रणात पडलेल्या वीराला स्वर्गात वाद्यघोषाने सामोरे जाण्यात येते, ही त्यामागील श्रद्धा होय. शिल्पकाराने हे स्वर्गीय वादक कोरताना भोवतालच्या वादकांनाच समोर ठेवले असणार. कारण पाहिलेल्या वाद्याखेरीज दुसरे वाद्य कोरणे त्याला शक्य नव्हते. या अर्थाने वीरगळ हे वीराचे स्मारक असले तरी ते अनाहूतपणे तत्कालीन वादकांचेही स्मारक ठरते. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे वीरही कालांतराने निनावी होतो आणि वादकाच्या पंक्तीला येऊन बसतो.

पायरी, समाधी आणि दर्गा

महाराष्ट्रात ज्या गायकांच्या समाधींना लोकमान्यता लाभली ते प्रामुख्याने संत होते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील नामदेव पायरी हे त्याचे विलक्षण उदाहरण होय. कीर्तनाच्या रंगणात आयुष्य घालविलेल्या नामदेवांनी भक्तांच्या चरणांचा स्पर्श घडावा म्हणून पायरीखाली स्थान मागितले, अशी परंपरा सांगते. त्याच महाद्वारासमोर चोखामेळा यांची समाधी आहे. उंच स्तंभाऐवजी पायरी निवडण्याची ही कल्पना जगातील अन्य स्मारकपरंपरांत क्वचितच आढळेल. येथे गायकाचे स्मरण वाचावयाचे नसून ओलांडताना वाकून अनुभवावयाचे आहे.

मुस्लिम परंपरेत दफनामुळे संगीतकारांची थडगी टिकून राहिली. दिल्लीत निजामुद्दीन औलिया यांच्या सान्निध्यात अमीर खुसरो यांची कबर आहे. ग्वाल्हेर येथे मुहम्मद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाचे साधे थडगे आहे. त्याजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, या श्रद्धेने गायक तो पाला खात आले आहेत. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मिरजेचे आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेतील प्रवासात सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर निधन झाले. त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेब यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. पुढे त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीतसभा भरू लागली आणि हिंदू-मुस्लिम असा भेद न मानता गायक-वादक तेथे हजेरी लावत आले आहेत. तिन्ही ठिकाणी थडगे एखाद्या सत्पुरुषाच्या आश्रयाला आहे आणि त्याचे खरे रक्षण दगडाने नव्हे, तर दरवर्षीच्या गायनाने केले आहे.

उल्हासनगर : शिळेविना स्मरण

अंबरनाथच्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर उल्हासनगरची वस्ती सुरू होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे हे नगर १९४९ मध्ये नामरूपाला आले. तेथील विभाग आजही कॅम्पच्या क्रमांकांनी ओळखले जातात. या समाजाने आपली घरे, नदीकाठची देवस्थाने आणि पूर्वजांच्या समाध्या मागे सोडल्या. दगड बरोबर आणता येत नाही. गाणे आणता येते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे भगत कंवरराम यांचे स्मरण. १३ एप्रिल १८८५ रोजी सिंधमधील जरवार या गावी जन्मलेल्या कंवरराम यांनी 'भगत' या गायन, नर्तन व कथन यांनी युक्त लोककलाप्रकाराला भक्तीची उंची दिली. पायांत घुंगरू, अंगात झगा व डोक्यावर पगडी अशा वेशात ते गात आणि मिळालेले धन गरजूंना वाटून टाकीत. सक्कर परिसरात धार्मिक तणाव शिगेला पोहोचला असताना १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. भारतीय टपाल खात्याने २०१० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या भूमीत ते गायले आणि जेथे त्यांचा अंत झाला ती भूमी आज सीमेपलीकडे आहे. तरीही सिंधी समाज जेथे जेथे स्थिरावला तेथे जयंती व पुण्यतिथीच्या निमित्ताने त्यांची पदे गाइली जातात. तंजावरच्या लेखातील वारसाची तरतूद राजाज्ञेने झाली होती. येथे ती समाजाने स्वतःहून केली.

जतनाची निकड

अंबरनाथचे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. जिल्ह्यात विखुरलेल्या वीरगळांना मात्र असे संरक्षण क्वचितच लाभते. शेंदराचे व तैलरंगाचे थर, जीर्णोद्धारातील सिमेंट, रस्तारुंदी आणि नवी बांधकामे यांमुळे त्यांवरील बारीक तपशील नष्ट होतो. वीराची मोठी आकृती रंगाखालीही ओळखता येते. परंतु वरच्या थरातील बोटभर उंचीच्या वादकाच्या हातात टाळ आहे की ढोल, हे रंगाच्या दुसऱ्या थरानंतर सांगता येत नाही. नाव नसलेल्या वादकाची उरलेली एकमेव खूण अशा रीतीने सर्वप्रथम पुसली जाते.

महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० आणि पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हे कायदे अस्तित्वात आहेत. परंतु ज्याची नोंदच नाही, त्याचे संरक्षण कायद्यालाही करता येत नाही. या ठिकाणी महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. इतिहास, मराठी, समाजशास्त्र व संगीत या विभागांनी एकत्र येऊन गाववार नोंदी करणे शक्य आहे. शिळेचे स्थान, मोजमाप, थरांचे वर्णन, वाद्यांची ओळख आणि तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे एवढी माहिती विद्यार्थ्यांनाही अचूक घेता येते. त्याबरोबरच परिसरातील गुरव, घडशी, होलार समाजांतील वृद्ध वादकांकडून वाद्यांची नावे, वादनाचे प्रसंग आणि गुरुपरंपरा लिहून घ्यावयास हवी, तसेच सिंधी भगत परंपरेतील पदे ध्वनिमुद्रित करावयास हवीत. शिळा साफ करणे, घासणे किंवा हलविणे मात्र तज्ज्ञांवर सोपवावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून संगीतकारांच्या स्मरणाचे तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिल्या प्रकारात नाव आणि कला ही दोन्ही दगडावर येतात. आक्विंकुम व इजिप्त येथील उदाहरणे या प्रकारची आहेत. दुसऱ्या प्रकारात कला दिसते, पण नाव नसते. भाज्याचे शिल्प, अंबरनाथची भिंत आणि वीरगळावरील वादक यांत मोडतात. तिसऱ्या प्रकारात दगड गौण असतो वा नसतोच आणि पुनःपुन्हा होणारे गायन हेच स्मारक ठरते. मिरजेचा दर्गा व उल्हासनगरातील सिंधी समाजाचे पुण्यस्मरण ही त्याची उदाहरणे होत. दफन व दहन यांतील भेदामुळे हे प्रकार काही अंशी निर्माण झाले; परंतु भाज्यातील स्तूप व शिल्प शेजारी ठेवून पाहिले असता सामाजिक प्रतिष्ठेचा वाटा अधिक निर्णायक असल्याचे जाणवते.

ज्यांच्या वाद्यांनी इतरांच्या जन्ममृत्यूला अर्थ दिला, त्यांची नावे शिलालेखात आता नव्याने घालता येणार नाहीत. परंतु त्यांच्या आकृती जपणे आणि त्यांच्या वंशजांजवळ आज जिवंत असलेले ज्ञान नावानिशी नोंदविणे अद्याप शक्य आहे. परिसरातील अभ्यासकांनी हे कार्य हाती घेतल्यास दगडाने जे राखून ठेवले नाही, ते कागदावर व ध्वनिमुद्रणात राखले जाईल.